चाकूच्या मुठीच्या दोन बाजू

मंडळी, आज बाबांचा घडीचा चाकू चिमूरला सुताराकडे न्यायला काढला. मुठीच्या एका बाजूला सांबरशिंग बसवलंय, दुसऱ्या बाजूला तेंदूचं काळं लाकूड. म्हटलं, दोन्ही सारख्या करून घेऊ.

आईने चाकू हातात घेतला. डोळे मिटून मूठ चाचपता चाचपता ती थेट पन्नासच्या दशकात, लग्नाच्या वर्षात पोचली.

“तुह्या बाबायनं इचारलं, शिंग बसवू का लाकूड? समोर सासरे बसले होते. नव्या नवरीनं बोलावं कसं? म्या नुसती मान हालवली. त्यायले समजलंच नाई, मंग दोन्ही बसवले.”

“पण तुला काय आवडलं होतं?”

ती अजून तिथंच होती. “मले? त्यायनं इचारलं, ते.”

आता तुम्हीच सांगा, कोणती बाजू बदलू?