डोळे उघडलेली खुर्ची

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या कनकलताबाईंनी तीस वर्षं कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला. अतिवास्तववादाचा धडा त्या तावातावाने घेत. “या चित्रकारांनी स्वप्नं कॅनव्हासवर आणून लोकांना दचकवलं, म्हणून इतिहासात त्यांचं पान वेगळं,” असं बजावत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच तसं चित्र काढलं. भाताच्या शेतात एक आरामखुर्ची आणि तिच्या पाठीवर दोन मोठे डोळे. पण हात वडिलांच्या तालमीतला, देवांची चित्रं काढणारा. त्या घरात देवाचे डोळे सगळ्यात शेवटी, शुक्रवारी अंघोळ करून उघडायची, म्हणजे रंगवायची रीत; डोळे उघडले की चित्रात देव आला असं मानत. सवयीने खुर्चीचेही तसेच उघडले.

पापनाशमहून मोठी नणंद रंजनाबाई आली. चित्र बघून ती जराही दचकली नाही. तिने हात जोडले आणि चौकटीवर जास्वंदाचं फूल ठेवलं.

“वन्सं, खुर्ची आहे ती!” कनकलताबाई कडाडल्या.

“असू दे. डोळे उघडलेस ना?”

कनकलताबाईंनी रागारागाने ते फूल उचलून अंगणात टाकलं. दुपारी चटईवर आडव्या झाल्या, तर पाय नेमके चित्रातल्या खुर्चीकडे.  मग उठल्या आणि मुकाट्याने उशी दुसऱ्या टोकाला नेली.