दुसऱ्या पिढीची मिरची

नवरा गेला तेव्हा त्याच्या मिरचीची रोपं ट्रेमध्ये होती. तो बियाण्यांच्या कंपनीत शेडनेटमध्ये कामाला होता. तिथं शिकलेलं क्रॉसिंग त्यानं निमगाव सावाच्या आमच्या रानात करून पाहिलं. माझ्या माहेरची, मढची गावठी मिरची तिखट आणि काटक, पण आखूड आणि वाकडी. बाजारातली लांब, सरळ, पण रोगाला नाजूक. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं एकीचे पुंकेसर काढायचे, दुसरीचे पराग लावायचे, खुणेला दोरा बांधायचा. मलाही त्यानं शिकवलं होतं. पहिल्या पिढीची झाडं सगळी सारखी आली.

"खरी गंमत पुढच्या पिढीत. एकेक झाड येगळं निघंल," तो म्हणाला होता.

पेठजवळ हायवेवर त्याची गाडी घसरली. ट्रेमधली ती पिढी मिरचीला आलेली त्यानं पाहिली नाही.

तेराव्यानंतर सासरे दारात उभे राहून म्हणाले, "रोपं लावायला झालीत." मी उठले आणि लावली. शेजारीण बांधावर येऊन म्हणाली, "रडून घे गं बाई. असं कोंडून ठिवू नगं." मी काही कोंडलं नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. पाणी सोडायचं, खुरपायचं, फुलं येताना परके पराग लागू नयेत म्हणून फांद्यांना कापडी पिशव्या बांधायच्या. हात आपापले चालायचे. आपण जेवलो का, ते आठवायचं नाही.

मिरच्या लागल्या त्या खरंच झाडागणिक वेगळ्या. एक झाड अगदी त्याला हवं तसं होतं. सासरे रोज त्याच्यापाशी जाऊन थांबायचे. मग बोकड्या रोग आला, पानं आक्रसली, आणि तेच झाड आधी बसलं. सासऱ्यांना ते उपटवेना. मी उपटलं आणि खड्ड्यात पुरलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

शेवटपर्यंत हिरवं राहिलं ते एक बुटकं झाड. मिरची मध्यम, शेंड्याला जरा वाकडी.

"ह्याचं बी धरू," मी म्हणाले.

"त्याला सरळ पायजे व्हती."

"व्हय मामा. पण हे टिकलंय."

सासऱ्यांनी झाडाची पानं उलटून पाहिली. मग खाली बसून पिकलेल्या मिरच्या तोडू लागले.

यंदा त्या बियांची रोपं झाली, तशी शेजारणीनं थोडी मागितली. अजून जात पक्की नाही, झाडाझाडात फरक पडंल, असं मी सांगितलं.

"तुज्या मालकाचीच ना?"

"व्हय," मी म्हणाले, आणि रोपं ओल्या कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.