एका वेळी एकच बदल

पुराव्याशिवाय मीठसुद्धा खारट न मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे मामेसासरे. बायकोचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. वालचंदनगरच्या कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्त होऊन इंदापूरला घर बांधलं, तरी ते खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. तिथला एक नियम त्यांनी संसाराला लावला: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कुणाचा होता ते कळत नाही, आणि दोष कळल्याशिवाय नुसतं बरं झालेलं मामांना चालत नाही.

चहा बिघडला की ते पहिल्या दिवशी दूध बदलतात, दुसऱ्या दिवशी पावडर, तिसऱ्या दिवशी पातेलं. तोवर सगळं घर वाईट चहा पितं. डॉक्टरांनी मधुमेहावर दोन गोळ्या दिल्या, तर हे एकच घेत. "दोन्ही घेतल्यावर गुण कुठलीनं दिला, कसं कळायचं?" मुलीची स्थळं फिसकटत होती तेव्हा त्यांनी आधी पोह्यांच्या जागी उपमा आणला, मग सोफ्याचं तोंड फिरवलं, मग मध्यस्थ बदलला. शेवटी लग्न जमलं ते मामा बँकेत गेले होते त्या दिवशी. मामा त्याचं श्रेय आजही सोफ्याला देतात. मामी म्हणतात, "ह्ये घरात न्हवतं, म्हणून जमलं."

मी वाढवून सांगणाऱ्यांतला नाही, म्हणून चपलेची गोष्ट जशी घडली तशी सांगतो. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायला लागली. एकदा तर भिगवणच्या खाणावळीतून ते एकाच चपलेनं घरी आले, आणि दुसरी नाही हे उंबऱ्यावर मामींनी दाखवल्यावर त्यांना कळलं. मग नवा जोड आणला, पण त्यातली घातली फक्त डावी. उजवी जुनीच राहिली, कारण तिच्याविरुद्ध तक्रार नव्हती. तेव्हापासून मामा एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून लग्नकार्यांतही मिरवतात.

अशा माणसाची गाडी बंद पडायला लागली.

गाडी जुनी, पेट्रोलची. सरळ रस्त्यावर शहाण्यासारखी पळायची. गतिरोधक किंवा चौक आला, वेग कमी झाला, की एक आचका देऊन गप्प. इंदापूरच्या चौकात ती अशी बसली तेव्हा मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं कसाबसा ब्रेक लावला आणि मग मामांच्या सगळ्या पूर्वजांची आठवण काढली. हे पुण्यातल्या मुलाच्या कानावर गेलं. त्यानं फोनवरच निकाल दिला, "आबा, दिवाळीला आलो की गाडी विकून टाकतो. कुणाचा तरी जीव जाईल."

गाडी गेली तर दर रविवारी मामींना घेऊन भिगवणला मासे खायला जाणं संपणार होतं. दोघांची चैन म्हणावी ती तेवढीच. पण मामांना जास्त लागलं ते दुसरंच. "दोष कुणाचा ते ठरलं न्हाय, आन् गाडीला घराबाहेर काढायची? ह्यो कुठला न्याय?"

दिवाळीच्या आत गाडीला निर्दोष सोडवायचं, असा त्यांनी ध्यास घेतला. प्लग बदलला आणि आठवडाभर चालवून पाहिली. मग फिल्टर. मग बॅटरी. आमच्या बारामतीचा मेस्त्री दर वेळी गाडी फिरवून आणायचा, आणि त्याच्या हातात ती एकदाही बंद पडायची नाही.

"मामा, माझ्या हातात झ्याक पळती की वो!"

"तुमाला भिती ती. घरी न्हेली की नाटकं सुरू."

मग मामांनी तर्क लढवला: मेस्त्री एकटा असतो, म्हणजे दोष वजनाचा. आधी डिकीतून स्टेपनी उतरवली, मग पाण्याचा कॅन, आणि मग मामींना. तरी फरक पडेना, तेव्हा त्यांचा हात डॅशबोर्डवरच्या खंडोबाकडे गेला. "खबरदार! देवाला हात लावाल तर," मामी कडाडल्या. मामांनी थोडा विचार करून देवाला संशयितांतून वगळलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांचा फोन आला. "पाव्हणं, रविवारी या. चालवायला." मी चमकलो. मेस्त्री सोडला तर त्या स्टिअरिंगला मामांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

मामा डावीकडे बसले आणि सवयीनं उजव्या खांद्यावर पट्टा शोधत राहिले. मामी मागं. इंदापूरचा चौक गेला, एकेक गतिरोधक गेला. भिगवणपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. वाटेत माझी नजर मामांच्या पायाकडे गेली. मी क्लच दाबला की त्यांचा डावा पायही खालच्या मॅटवर दाबला जायचा, पण माझा गिअर पडून गेल्यावर. नवी चप्पल निसटून बाजूला पडली होती आणि पायाला त्याची खबर नव्हती. मी नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. पण मामाही त्याच पायाकडे बघत होते.

खाणावळीसमोर गाडी लावली तरी ते उतरेनात. मग डॅशबोर्डवर हळूच थोपटून म्हणाले, "गाडी निर्दोष हाय, पाव्हणं. सगळं बदलून झालं व्हतं. येकच भाग ऱ्हायला व्हता."

"मला कवाच म्हाईत व्हतं," मागून मामी म्हणाल्या.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी पुराव्याबिगर ऐकलं असतं व्हय?"

दिवाळीला मामांनी स्वतःच मुलाला निकाल सांगितला. गाडी घरातच राहिली. मधुमेहानं पाय बधिर झालाय म्हणत डॉक्टरांनी मात्र रागावून दोन्ही गोळ्या सुरू केल्या आहेत. "आता गुण आला तरी कशानं आला, कळायचं न्हाय," अशी मामांची तक्रार आहे. रविवारी मी बारामतीहून जातो आणि दोघांना भिगवणला नेतो.

मागच्या रविवारी खाणावळीच्या वळणावर मी वेग कमी केला, आणि क्लच दाबण्याआधी मामांचा पाय हलायची वाट पाहत राहिलो. असं का केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

"घ्या! आता कुणाला बदलायचं?" मामी म्हणाल्या.

मामा हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, माझ्यासाठी थांबत जाऊ नका." आणि खाली वाकून, हातानं चाचपत, त्यांनी सीटखाली गेलेली चप्पल शोधली आणि पायात नीट बसवली.