सहाण पणजीला गेली

ज्या वयात बायका सासू होतात, त्या वयात मी इंटर्न झाले. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली होती, घरी बसून टीव्हीतल्या बायकांशी भांडायला लागले होते, आणि पणजीत वैद्यकाच्या इतिहासाचं एक ग्रंथालय बिनपगारी माणसं शोधत होतं. ते चालवणारे दोतोर निवृत्त सर्जन होते. त्यांनी मुलाखतीत विचारलं, "पोर्तुगीज येतं?"

"पाव, जनेल आणि कुलेर, आमच्या बोलीत राहिलेत तेवढेच शब्द."

ते हसले नाहीत, पण मला घेतलं.

माझ्याबरोबर कॉलेजच्या दोन मुली होत्या. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं, मला दिवचलीजवळच्या कारापूरहून रोज बाहेर पडायला कारण हवं होतं. आमचं काम म्हणजे हातमोजे घालून, मऊ ब्रशने जुन्या पुस्तकांची धूळ झाडणं. एका पानावर प्लेग, पुढच्या पानावर कसरीने पाडलेलं भोक, त्या भोकातून तिसऱ्या पानावरचा देवीचा रोगी दिसायचा. मी खूश होते.

मग दोतोरांनी प्रदर्शन काढायचं ठरवलं. परदेशी चिमटे आणि करवती पुष्कळ होत्या. गावठी औषधाची एक तरी खरी वस्तू त्यांना हवी होती. मला गप्प राहता येत नाही. मी सांगून टाकलं की इब्रामपूरला, माझ्या मावशीच्या शेजारी, एक बाई काविळीचं औषध देते. आयतवारी आणि बुधवारी, सकाळी, उपाशीपोटी. तिच्या आजोबांपासून चालत आलेल्या सहाणेवर मुळी उगाळते. पैसे घेत नाही, देवीपुढे नारळ ठेवायचा. उगाळून उगाळून त्या सहाणेला मधोमध वाटीएवढा खळगा पडलाय.

"खळगा," दोतोर म्हणाले, आणि त्याच आठवड्यात आम्ही त्यांच्या गाडीतून इब्रामपूरला निघालो.

औषधवाली बाई साठीच्या पुढची, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. तिचा धाकटा भाऊ म्हापशाहून मुद्दाम आला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याला कल्पना फारच आवडली. पणजीत, काचेत, वडिलांचं नाव.

"नांव बापायचं," सहाणेच्या दगडावर हात ठेवून ती म्हणाली. "फातर माझो."

"तुला नवी सहाण आणून देतो, ताई. बाजारात हव्या तेवढ्या मिळतात."

"मग तीच दे त्यांका."

दोतोरांनी घसा साफ केला आणि वारसा वगैरे बोलू लागले. तिने त्यांना बोलू दिलं, चहाही दिला. मग माझ्याकडे वळली, कारण मी बाई होते आणि दिवचलीकडची होते. "बाय, तूच सांग. आयतवारी-बुधवारी माणसं माझ्या दारात येतात. सिंधुदुर्गातनं येतात. बाकीचे दिवस ह्या घरात मला जेवलीस का म्हणून कोण विचारता? सहाण गेली तर माणसं कशाक येतील?"

मी चहात बिस्कीट बुडवत राहिले. भावाला अपमान वाटला, बहिणीला त्याला अपमान वाटल्याचा राग आला, आणि कोणीच मागे हटेना. तेव्हा दोघांनी जे आमच्याकडे सगळेच करतात तेच ठरवलं: देवीला कौल लावायचा.

सोमवारी आम्ही पुन्हा गेलो. दोतोर कुतूहलाने आले असं ते म्हणाले. गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर सहाण पणजीला, डावी पडली तर घरी. मग त्याने पंखा बंद केला, वाऱ्याने पाकळी हलू नये म्हणून. हे पाहून दोतोरांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या कोपराला हात लावला.

"प्रयोग असाच करायचा असतो," ते कुजबुजले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सहाण कोणाची, कोणी मागितली, कशासाठी, सगळं देवीच्या कानावर घातलं, आणि प्रत्येक वाक्यावर आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. दोतोरांचं "व्हय म्हाराजा" दर वेळी थोडं उशिरा यायचं. मग वाट पाहणं. घामाने भावाच्या शर्टाची इस्त्री गेली.

उजवी पाकळी पडली.

बाई तडक उठली. घरी गेली, सहाण धुतली, जुन्या लुगड्यात गुंडाळली. दोतोरांनी डिकी उघडली तेव्हा म्हणाली, "थंय नको," आणि मागच्या सीटवर ठेवली, माझ्या शेजारी.

पंधरवड्यात सहाण काचेत गेली. खाली वडिलांचं नाव, त्याखाली गाव. भाऊ कुटुंबासह येऊन फोटो काढून गेला.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी वॉचमनने मला बोलावलं. दारात एक म्हातारा आणि त्याचा जावई. जावयाचे डोळे पिवळे. म्हाताऱ्याच्या हातात पानात गुंडाळलेली मुळी.

"इब्रामपूरची बाई नव्या सहाणेवर उगाळून देत होती," तो म्हणाला. "आम्ही नको म्हटलं. मुळी तेवढी घेऊन आलो. सहाण हंय असा ना?"

मी आयुष्यात इतकी सुखावले नव्हते. धावत जाऊन दोतोरांना सांगितलं. त्यांनी जावयाचे डोळे बघितले, पोट दाबलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि सहाण काचेतच राहील असं स्पष्ट सांगितलं. आयतवारी ग्रंथालय बंद. तरी बाहेर तिघं बसली होती म्हणे. पुढच्या बुधवारी अख्खी रिक्षा भरून आली. कॉलेजच्या मुलींनी रांग लावून दिली. कशासाठी लावली, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

इब्रामपूरला, मावशीने फोनवर सांगितलं, बाईच्या दारात कोणी नव्हतं. ती मुळी भिजवून ठेवायची आणि संध्याकाळी टाकून द्यायची.

त्याच्या पुढच्या बुधवारी ती स्वतः आली. दोन बसगाड्या बदलून, काखेत कापडी पिशवी. रांगेतल्या माणसांनी उठून तिला वाट करून दिली. काचेसमोर उभी राहून तिने आधी वडिलांचं नाव वाचलं, मग सहाणेकडे पाहिलं.

"मागायला येऊक नाय," ती दोतोरांना म्हणाली. "देवीन दिली ती दिली. पण तिचं तत्त्व अजून तिच्यातच हा. तेवढं काढून दिया."

दोतोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं: देवळात जुनी मूर्ती बदलतात तेव्हा तिच्यातला देव आधी पाण्यात घेतात आणि नव्या मूर्तीत सोडतात. मगच नवी पूजेला लागते, आणि जुनी नुसता दगड होते.

तिने पिशवीतून नवी सहाण काढली. गुळगुळीत, खळगा नसलेली, बाजारातल्या लेबलाचा डिंक अजून एका कडेला चिकटलेला.

आमच्या ग्रंथालयात वस्तूला पाण्याचा थेंब लावायला सक्त मनाई. दोतोरांनी रांगेकडे पाहिलं. मग किल्ली काढली. जुनी सहाण दोन्ही हातांनी त्यांनीच ट्रेमध्ये ठेवली. बाई नळाकडे निघाली तशी त्यांनी हात आडवा केला.

"नळाचं नको, त्यात क्षार असतात," म्हणाले, आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणवली.

तिने खळग्यात पाणी ओतलं, बोटांनी फिरवलं, आणि तेच पाणी नव्या सहाणेवर सोडलं. तोंडाने काहीतरी पुटपुटली. रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि तिला हेच हवं होतं. कोणीतरी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणालं. दोतोरांनी ट्रे घट्ट धरला होता.

मग तिने नवी सहाण पदराने पुसली आणि पिशवीत घातली. दोतोरांनी सगळ्यांना आधी रक्त तपासून घ्यायला बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बसस्टँडच्या रस्त्याने ती पुढे, तिच्या मागे पिवळ्या डोळ्यांची माणसं आणि त्यांचे नातेवाईक. पहिल्या बुधवारच्या म्हाताऱ्याने पिशवी तिच्या हातून मागून घेतली होती.

मुली ट्रे टिपत होत्या. दोतोरांनी जुनी सहाण मऊ कापडाने कोरडी केली, परत काचेत ठेवली, कुलूप लावलं.

"आता खरी आपली झाली," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा काही विशेष आनंदी नव्हता.

पुढच्या बुधवारी कोणी आलं नाही. मुलींनी उगाच खुर्च्या मांडल्या आणि परत उचलल्या. दोतोर दारापर्यंत दोनदा जाऊन आले, मग वॉचमनला म्हणाले, "रस्ता बंद आहे का रे आज?"