चौथ्या श्रेणीचा ठराव

झूराकान एकोणीस वर्षं क्रेनवर होती. घरांसाठी काँक्रीटच्या आयत्या भिंती ओतणाऱ्या कारखान्यात, छपराखालच्या केबिनमध्ये बसून ती पाच-पाच टनांची भिंत अशी अलगद टेकवायची की खालच्यांचं बोलणंही थांबत नसे. तोकमोक शहरात सहाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीची क्रेनवाली ती एकटीच. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे तिला 'एजे' म्हणत. कामगारांची श्रेणी ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीतही ती होती.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये समितीपुढे मामासाली आला. भिंतीच्या कड्यांत साखळ्यांचे आकडे अडकवणं हे त्याचं काम. श्रेणी दुसरी. चौथी मिळाली की जड भिंती तो स्वतःच्या जबाबदारीवर उचलायला सांगू शकणार होता. हसरा माणूस, चार मुलींचा बाप, कुणाच्याही लग्नात कढईखाली जाळ घालायला पहिला. पण साखळ्या किती फाकल्या तर चालतं, ते त्याला सांगता येईना. आवारात करून दाखवताना चारपैकी दोन आकडे त्याने उलटे अडकवले.

तो बाहेर गेल्यावर मुख्य इंजिनियर दोरोनबेक म्हणाला, "द्या चौथी. दुसऱ्या पाळीला चौथ्या श्रेणीचा माणूसच नाही. पाळी बंद ठेवायची का?"

"आणि बिचाऱ्याला चार मुली आहेत," युनियनची सालतानात म्हणाली.

"मुलींचा आणि आकड्यांचा काय संबंध?" झूराकान म्हणाली. "तीन महिने माझ्या हाताखाली द्या. तयार करते."

"तोवर भिंती कोण उचलणार? तुमचा नवरा?" दोरोनबेक म्हणाला.

सगळे हसले. चार हात वर गेले आणि वरच राहिले.

"एजे, चहा गार होतोय," कुणीतरी म्हणालं.

झूराकानने हात वर केला.

श्रेणी मिळाली म्हणून मामासालीने मेंढा कापला. जेवायला समिती होतीच. त्याने मानाचा तुकडा दोन्ही हातांनी झूराकानच्या पुढ्यात ठेवला. तिने तो खाल्ला.

जूनमध्ये दुसऱ्या पाळीची क्रेनवाली आजारी पडली म्हणून झूराकान वर बसली होती. खाली मामासालीने भिंतीला साखळ्या लावल्या. साखळ्या आखूड होत्या, फार फाकल्या होत्या. वरून ते स्वच्छ दिसत होतं. तिने भोंगा वाजवला. त्याने हात हलवला, उचला. तिने पुन्हा वाजवला.

"उचला हो एजे! डुलकी लागली की काय?"

नियमाने शब्द त्याचा. पाळी खोळंबली होती. झूराकानने क्रेनचा दांडा ओढला.

माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक आकडा सुटला, मग दुसरा. मामासाली मागे सरकलाच नव्हता. झूराकानला शिडीच्या एकेचाळीस पायऱ्या उतरून खाली यावं लागलं. तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तेच पाच जण त्याच टेबलाभोवती बसले. दोरोनबेकने अहवाल वाचला: मयत कामगार दारू प्यायलेला होता.

"तो थेंबही घेत नसे," झूराकान म्हणाली. "त्याला काम येत नव्हतं. आणि ते आपल्याला माहीत होतं."

सालतानातच्या डोळ्यांत पाणी होतं. "एजे, दांडा तुमच्या हातात होता. खरं लिहिलं तर पोलीस आधी तुम्हालाच नेतील."

"नेऊ देत."

चार हात वर गेले. विरोधात एक. अहवाल मंजूर झाला. दारूचा शेरा पडल्यामुळे मामासालीच्या बायकोला, कानिमगुलला, भरपाई मिळणार नव्हती.

त्याच संध्याकाळी झूराकान तिच्याकडे गेली आणि उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं.

"तुम्ही आमच्याकडे जेवलात," कानिमगुल म्हणाली.

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"सगळ्यांचे हात वर होते गं. मला वाटलं, एकटीने कशाला अडून बसायचं."

कानिमगुलने दार लावून घेतलं. आठवड्याने मात्र ती स्वतः आली. "हे कागदावर द्या," एवढंच म्हणाली. झूराकानने चार पानं लिहिली. मार्चमधला आपला हात आणि जूनमधला दांडा, दोन्ही त्यात घातले. ती पानं जोडून कानिमगुलचा अर्ज राजधानीत गेला. दीड महिन्याने उत्तर आलं की प्रकरण निर्णयासाठी संबंधित कारखान्याच्या समितीकडे पाठवलं आहे.

समितीत झूराकानची जागा एव्हाना दुसऱ्याला दिली होती. अहवालात बदल नाही, असं पाचही जणांनी ठरवलं. त्याच बैठकीत झूराकानला क्रेनवरून उतरवलं आणि चौथ्या श्रेणीवर आणून गोदामात साखळ्यांना ग्रीस लावायला बसवलं. तिला न्यायला कुणीच आलं नाही.

ऑक्टोबरात कानिमगुल मुलींना घेऊन नारीनला भावाकडे निघाली. झूराकान जेवणाच्या सुट्टीत तिच्या दारात पोचली, तेव्हा ट्रकमध्ये सामान चढत होतं. कुणी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेवटी पेटी राहिली, एकट्या कानिमगुलला न पेलणारी.

"ती बाजू धरा," कानिमगुल तिच्याकडे न बघता म्हणाली.

झूराकानने धरली. पेटी चढली, मुली चढल्या. कानिमगुल ड्रायव्हरशेजारी बसली आणि ट्रक गेला. झूराकान कारखान्यात पोचली तेव्हा सुट्टी संपून गेली होती. गोदामाच्या मुकादमाने तिचं नाव उशिरा आलेल्यांत लिहून घेतलं.