कोमट पान

सुलभावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानेसरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी होतो. पुतण्या म्हणाला, "काका, आई गेली... चहा पिता पिता." निमित्त हृदयाचं झालं. चौदा वर्षांपूर्वी ज्या आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं, त्याने त्यांना नेलं नाही. त्याला त्यांनी केव्हाच जागेवर बसवलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्या दिवसांत माझ्या हातून काय झालं, ते मात्र मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, केंद्र सरकारच्या नोकरीत. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरमधल्या त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी घर मिळेपर्यंत म्हणून आलो आणि सहा वर्षं राहिलो. वहिनी विचारायच्या, "भाऊजी, सरकारने क्वार्टर यांना दिलंय की तुम्हाला?" आणि तिसरी पोळी वाढायच्या. त्यांच्या दुखण्याची सुरुवात तोंडातल्या फोडांनी झाली. उष्णता म्हणून गुलकंद झाला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. हळूहळू साधं वरणही झोंबू लागलं. मग पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठले. ते फुटले की कातडी ओल्या कागदासारखी सुटायची. पेम्फिगस हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या कातडीवर उलटते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "फोड़ों से ज़्यादा इन्फेक्शन से डरिए," त्या म्हणाल्या. गोळ्यांनी आजार दबणार होता, पण जंतूंशी लढायची ताकदही कमी होणार होती. शिवाय त्या गोळ्यांमुळे ताप चढलाच नाही तर आत काय चाललंय ते कळणारही नव्हतं.

चादर पाठीला चिकटायची. ती सोडवताना वहिनी उशी मुठीत आवळून धरायच्या. डॉक्टरीणबाईंनी केळीची पानं सुचवली. पान धुवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, निथळू द्यायचं आणि मग पाठीखाली घालायचं. पहिल्या दिवशी पानावर आडव्या होताना वहिनी म्हणाल्या, "चला, आता मलाच पानावर वाढताय. मीठ डावीकडे वाढा हं!" दादा नऊला ऑफिसला जायचा, पुतण्या शाळेत. माझी दुसरी पाळी, त्यामुळे सकाळची पानं माझ्याकडे आली. शेजारच्या क्वार्टरमागे केळ होती. नाहीतर बाजारातल्या दक्षिणेकडच्या भाजीवाल्याकडून मी ती आणायचो.

जानेवारीतल्या एका दिवशी मला उठायलाच अकरा वाजले. धौला कुआंहून कंपनीची बाराची बस गाठायची होती. पाणी उकळेपर्यंत थांबलो असतो तर बस चुकली असती. मी पान नळाखाली धरलं आणि पंगतीत बसल्यावर पुसतो तसं हाताने पुसून घेतलं. आमच्याकडे पान असंच स्वच्छ होतं. मला ते पुरेसं वाटलं... खरं तर वाटलं नाही, वाटून घेतलं. काही बिघडलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच केलं. असे चार दिवस. कारखान्यात मी रोज सुटे भाग तपासून सही करायचो, आणि घरी हे.

पाचव्या दिवशी जखमांना वास येऊ लागला. ताप नव्हता, पण वहिनी ग्लानीत होत्या. तीन आठवडे त्या हॉस्पिटलात होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पत्ते उबालकर ही लगाते थे ना?" मी म्हणालो, "जी, बिल्कुल." वहिनी शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. जंतू कुठूनही आले असतील, असंही बाई म्हणाल्या. त्या वाक्याला मी चौदा वर्षं धरून राहिलो.

वहिनी बऱ्या झाल्या. गोळ्यांनी चेहरा सुजला, साखर वाढली, पण त्या उभ्या राहिल्या. दादाच्या निवृत्तीनंतर नोएडाच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे त्यांनी स्वतः केळ लावली. दर गणपतीला पाहुण्यांसमोर त्या म्हणायच्या, "पानं भाऊजींकडे. उकळत्या पाण्यातून काढा हं." जेवायच्या पानाला कोण उकळतं, म्हणून लोक हसायचे. मी मान खाली घालून पातेलं चढवायचो.

जाण्याआधी दोन महिने, त्याच केळीपाशी बसलेलो असताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "जानेवारीत गार पान पाठीला लागलं तर कळत नाही होय? तुमचं पान एरवी कोमट असायचं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही तोंड लपवून खोली शोधली असतीत. मग माझ्या पाठीखाली पानं कोण घालणार होतं? हे? यांना फोड बघून घेरी यायची." मग म्हणाल्या, "त्यानंतर एकदाही गार पान आलं नाही, भाऊजी. माझ्यापुरतं संपलं ते. पण यांना सांगा. हॉस्पिटलात नेण्याआधीच्या रविवारी यांनी एकदाच धीर करून ओल्या टॉवेलने माझं अंग पुसून दिलं होतं ना... त्यानेच चिघळलं असं धरून बसलेत. मी हजारदा नाही म्हटलं, ऐकत नाहीत. मी तुमचं नाव घेणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

सांगतो म्हणालो. आज नको, उद्या, असं करत राहिलो. मग फोनच आला...

तेराव्याला पानं माझ्याकडेच होती. दादा स्वयंपाकघरात आला आणि पातेल्याकडे बघत उभा राहिला. मी बोललो. त्याने विचारलं, "चार दिवस?"

"चार."

"आणि मी चौदा वर्षं टॉवेलला हात लावला की... गाढवा!" त्याचा आवाज चढला. मग म्हणाला, "तिला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला नाही बोलली बया," तो म्हणाला, आणि हसताना त्याचे डोळे वाहू लागले. निथळत ठेवलेल्या पानांतलं एक त्याने उचललं, हाताची पालथी बाजू त्यावर टेकवली. "कोमट आहे," असं म्हणून ते वहिनींच्या फोटोपुढे मांडायला घेऊन गेला. मी उरलेली पानं पाण्यातून काढत राहिलो.