उंबऱ्यावरचा डबा

परदेशात जाऊन समाजसेवा करावी असं मला कधीही वाटलं नव्हतं. पण इंग्लंडात लेकीच्या घरी भिंतीकडे बघत बसायचा इतका वीट आला, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरोघरी जेवणाचा डबा पोचवायचं एका संस्थेचं काम मी बिनपगारी पत्करलं. (गुडघे माझेही कुरकुरतातच. म्हणजे म्हाताऱ्यांच्या दारात म्हातारी!)

"आई, बेल वाजवायची, डबा द्यायचा, निघायचं," लेकीनं, मेघानं, बजावलं. "कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, नियम आहे. हे काम गेलं तर पुन्हा 'आता काय करू?' म्हणत माझ्या मागं फिरायचं नाही!"

आता माझं माहेर सांगलीचं, सासर फलटणचं. दोन्हीकडे एकाच गोष्टीवर एकमत: उंबऱ्यावरून देणंघेणं करायचं नाही. एकतर देणारा आत, नाहीतर घेणारा बाहेर. मला आत जायला बंदी. मग काय, अख्ख्या गल्लीतले म्हातारे मी बाहेर काढले! "कम, कम," म्हणून हात हलवला की बिचारे कुडकुडत यायचे. लोक फार सभ्य, का म्हणून कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मार्गारेटबाई काठी टेकत बाहेर आल्या. मी डबा दिला, त्या "थँक्यू" म्हणाल्या आणि मागे दार खाट्कन लागलं. तिकडे दार लागलं की कुलूपही आपोआप लागतं, हे मला तेव्हा कळलं. किल्ली आत, बाई बाहेर, अंगात पातळ स्वेटर.

पिशव्या उचलायला आमचे हे सोबत होते. फौजेतले निवृत्त सुभेदार.

"आवं, आता वं?"

"आदी म्हातारीला तुजी शाल दे. मी मागच्या खिडकीतनं आत जातो."

"ह्या वयात?"

"फौजी मानूस हाय मी!"

फौजी माणूस कमरेपर्यंत आत गेला आणि तिथंच अडकला. अर्धे सुभेदार स्वयंपाकघरात, अर्धे परसात!

"ढकल!" आतून आवाज आला. मी ढकललं.

"आगं लय लागतंय, वड मागं!" मी ओढलं. हे जागचे हलेनात.

शेजाऱ्यानं परसातले अर्धे सुभेदार पाहिले आणि पोलिसांना फोन लावला.

पोलिसांनी आधी ह्यांना सोडवलं, मग दार उघडलं. तोवर मार्गारेटबाई माझ्या शालीत बसून निवांत जेवत होत्या. जेवताना सोबत कुणी असलं की बरं वाटतं, म्हणाल्या. मला रडूच आलं.

तेवढ्यात पोलिसांचा फोन गेला म्हणून मेघा धावत आली. "आई, दारातच डबा द्यायला काय झालं होतं?"

"अगं, उंबऱ्यावरून कसा देऊ?"

"कुठाय उंबरा?"

मी खाली बघितलं. चाकाच्या खुर्च्या जाव्यात म्हणून दार जमिनीशी सपाट. अख्ख्या गल्लीत तसंच.

संस्थेनं मला काढलं नाही, पण बटाटे सोलायला बसवलं. दिवसभर मान खाली घालून सोलते. हीच मान त्या दारांत एकदा खाली घातली असती, तर गल्ली गारठली नसती!